रेड बुलचं २०२४ मध्ये नेमकं काय बिनसलं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी थोडक्यात सांगा, एवढं झालं तरी काय?

फॉर्म्युला वन कार रेसिंगच्या २०२३ च्या सीझनमध्ये रेड बुल टीमने २२ पैकी २१ रेस जिंकल्या. तिच्या दोन ड्रायव्हरांपैकी एकट्या मॅक्स वर्स्टॅपनने १९, त्यातल्या १० सलग, आणि सर्जिओ पेरेझने दोन. एका सीझनमध्ये इतकं एकतर्फी फॉर्म्युला वनमध्ये कधीच कुणी जिंकलं नव्हतं, १९८८ च्या मॅक्लारेनने १६ पैकी १५ जिंकल्या होत्या पण टक्केवारी काढली तर तीसुद्धा मागे पडते.

२०२४ ची सुरुवातही तशीच झाली, पहिल्या १० रेसपैकी ७ मॅक्सच्या. त्यातली सातवी २३ जूनला स्पेनमध्ये जिंकला आणि तिथून जी गाडी अडकली ती थेट ३ नोव्हेंबरला ब्राझीलमध्ये सुटली. मधल्या १० ग्रां प्रीमध्ये, म्हणजे मुख्य रेसमध्ये, एकही विजय नाही, ना मॅक्सचा ना पेरेझचा. वर्ष संपलं तेव्हा टीम टेबलमध्ये मॅक्लारेन ६६६, फेरारी ६५२ आणि रेड बुल ५८९, म्हणजे आदल्या वर्षी ८६० पॉइंट घेणारी टीम तिसरी.

पण मॅक्स तर चॅम्पियन झाला ना, मग घसरण कसली?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि खरं सांगायचं तर सगळी गोष्ट यातच आहे.

स्पेननंतर मॅक्सचे २१९ पॉइंट होते आणि मॅक्लारेनच्या लँडो नॉरिसचे १५०, म्हणजे ६९ ची आघाडी. त्यानंतर १० रेस मॅक्स जिंकलाच नाही, तरी मेक्सिकोनंतर आघाडी किती उरली होती तर ४७. विचार करा, चार महिन्यांहून जास्त काळ गाडी जिंकण्याच्या लायकीची नाही आणि माणूस फक्त २२ पॉइंट घालवतो! सिल्व्हरस्टोनला दुसरा, झँडव्हूर्टला दुसरा, सिंगापूरला दुसरा, जिथे गाडीत चौथ्या नंबरचा दम होता तिथे दुसरा नंबर काढायचा, आणि मध्येच ऑस्ट्रिया आणि ऑस्टिनच्या स्प्रिंट रेस (मुख्य रेसच्या आदल्या दिवशीच्या छोट्या रेस) पण जिंकून घ्यायच्या. मग ब्राझीलला भर पावसात १७ व्या नंबरवरून सुरुवात करून १९ सेकंदांनी जिंकला. तिथे रेड फ्लॅग (रेस मध्येच थांबवणं) त्याच्या पथ्यावर पडला हे खरं, पण त्याआधी एकामागून एक गाड्या मागे टाकल्या होत्या त्या काही नशिबाने नाही.

म्हणून ड्रायव्हरचं टेबल बघून टीमची तब्येत कळत नाही. गाडीची खरी अवस्था बघायची तर दुसऱ्या गाडीकडे बघा. पेरेझ १५२ पॉइंट, आठवा.

गाडी हळू झाली की बाकीचे पुढे गेले?

दोन्ही झालं, पण ज्या क्रमाने झालं तो क्रम महत्त्वाचा आहे.

२ मार्च २०२४, बहारीन. मॅक्स २२ सेकंदांपेक्षा जास्त फरकाने जिंकला आणि दुसरा आला तोही त्याच्याच टीमचा पेरेझ. २५ ऑगस्ट, नेदरलँड्समधलं झँडव्हूर्ट, मॅक्सचं घरचं सर्किट, २०२१ मध्ये रेस तिथे परत आल्यापासून तिथे त्याच्याशिवाय कुणी जिंकलंच नव्हतं. नॉरिस २२.८९६ सेकंदांनी जिंकला. सहा महिन्यांत बावीस सेकंद पुढे असलेला माणूस बावीस सेकंद मागे, आणि मधल्या काळात गाडीच्या रचनेचे मोठे नियम काही बदललेले नाहीत.

मॅक्लारेनने मे महिन्यात मायामीला मोठं अपग्रेड, म्हणजे गाडीसाठी सुधारलेले भाग, आणलं, नॉरिस तिथेच करिअरमधली पहिली रेस जिंकला. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांना हळू करणारी गाडी) योग्य वेळी आली म्हणून जिंकला असं तेव्हा खूप जण म्हणाले, पण पुढच्याच रेसला इमोलाला तो मॅक्सच्या मागे फक्त ०.७२५ सेकंदांवर येऊन पोचला, तिथे सेफ्टी कार वगैरे काही नव्हती. मॅक्लारेन जे लावत होती ते चालत होतं. रेड बुल जे लावत होती ते विंड टनेलमध्ये (मॉडेलवर वारा सोडून चाचणी करायची जागा) चालत होतं आणि ट्रॅकवर नाही. माझ्या मते मॅक्लारेनचा वेग ही अर्धी गोष्ट, उरलेली अर्धी म्हणजे रेड बुलचे अपग्रेड कागदावर वेग देत होते आणि ड्रायव्हरच्या हातात तो येत नव्हता.

सगळे "बॅलन्स" "बॅलन्स" म्हणतात, म्हणजे नेमकं काय?

हे जरा सावकाश सांगतो कारण इथे समजलं की बाकी सगळं सोपं होतं.

२०२२ ते २०२५ या काळात फॉर्म्युला वनच्या गाड्यांचा बराचसा डाउनफोर्स, म्हणजे गाडीला खाली दाबणारा हवेचा जोर, फ्लोअरमधून (गाडीच्या तळातून) यायचा. फ्लोअरखाली दोन बाजूंना बोगदे असायचे, हवा त्यातून जोरात जायची, खाली दाब कमी व्हायचा आणि गाडी जमिनीला चिकटायची. जितकी गाडी जमिनीजवळ तितकी पकड जास्त, पण एका मर्यादेपर्यंतच, त्यापलीकडे गेली की हवेचा प्रवाह तुटतो आणि गाडी उसळायला लागते. आणि गाडी काही एका उंचीवर राहत नाही, वेग वाढला की दबते, ब्रेक मारला की नाक खाली जातं आणि मागचा भाग उचलला जातो, कर्बवर (ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर) गेली की हलते. प्रत्येक वेळी डाउनफोर्सचं केंद्र थोडं पुढे किंवा मागे सरकतं. चांगल्या गाडीत ते सरकणं अंगवळणी पडेल असं असतं, ड्रायव्हरला आधीच अंदाज येतो.

रेड बुलच्या २०२४ च्या गाडीत, आरबी२० मध्ये, पुढची आणि मागची बाजू एकमेकींशी बोलेनाशी झाली. वळणात शिरताना नाक वळत नाही, म्हणून ड्रायव्हर स्टिअरिंग जास्त फिरवतो, आणि मग मध्यावर अचानक पुढच्या टायरना पकड मिळते आणि मागचे टायर सुटतात. एकाच वळणात आधी अंडरस्टिअर मग ओव्हरस्टिअर. आता हे सेटअपने सुधारायला गेलं तर आखूड पांघरुणासारखं होतं, डोक्यावर ओढलं की पाय उघडे. पुढच्या विंगचा कोन वाढवला की नाक वळतं पण मागचं टोक हातात राहत नाही, मागे स्थिरता दिली की नाक हलत नाही.

आणि यात सगळ्यात मोठं नुकसान सेकंदांचं नाही, विश्वासाचं होतं. ताशी अडीचशे किलोमीटरने वळणात गाडी टाकताना मागचं टोक सुटेल की नाही हे माहीत नसेल तर जगातला कुणीही ड्रायव्हर थोडा आधी पाय काढणारच.

याचं एखादं ठोस उदाहरण?

इटलीतलं माँझा, २०२४, क्वालिफाइंग, म्हणजे रेसला कोण कुठून सुरुवात करणार हे ठरवणाऱ्या क्यू१, क्यू२, क्यू३ या तीन फेऱ्या. क्यू२ मध्ये मॅक्सने १ मिनिट १९ सेकंदांच्या घरातली लॅप मारली, चांगली लॅप होती. क्यू३ मध्ये म्हणजे ट्रॅक अजून सुधारलेला, टायर नवे, सगळ्यांच्या वेळा खाली येतायत किंवा निदान तिथेच राहतायत, आणि मॅक्सची वेळ १:२०.०२२. स्वतःच्याच क्यू२ पेक्षा तीन दशांशांहून जास्त हळू. पोलवाल्या (पहिल्या नंबरच्या) नॉरिसपासून जवळजवळ सात दशांश लांब, सातवा नंबर. तोच ड्रायव्हर, तीच गाडी, तेच ट्रॅक, काही मिनिटांचं अंतर, आणि गाडी वेगळीच वागतेय. रेसमध्ये तो सहावा आला, जिंकलेल्या शार्ल लक्लेरच्या सुमारे ३८ सेकंद मागे. नंतर त्याने गाडीला सरळ "मॉन्स्टर" म्हटलं, आणि असंच चालू राहिलं तर दोन्ही टायटल विसरा असंही बोलला.

त्या वीकेंडनंतर टीमनेही उघडपणे मान्य केलं की डेव्हलपमेंटची दिशा चुकली आहे. तोपर्यंत प्रत्येक रेसनंतर "हे ट्रॅक आपल्याला सूट होत नव्हतं" हेच चाललं होतं.

२०२३ च्या सिंगापूरमध्येच इशारा मिळाला होता का?

मिळाला होता, पण अर्धवट. सिंगापूरला दोन्ही रेड बुल क्यू३ मध्येच पोचल्या नाहीत, मॅक्स ११ वा आणि पेरेझ १३ वा, आणि रेस कार्लोस साइन्झने फेरारीतून जिंकली. त्या सीझनमधली हुकलेली एकमेव रेस ती हीच. पण लगेच पुढच्या आठवड्यात सुझुकाला मॅक्स आरामात जिंकला आणि सगळे ते विसरून गेले.

सिंगापूरने दाखवलं ते एवढंच की खडबडीत रस्ता आणि उंच कर्ब असले की गाडीची उंची वाढवावी लागते, आणि उंची वाढली की या फ्लोअरची जादू कमी होते. २०२४ ला मोनाकोत तेच परत झालं, मॅक्स सहावा, आणि सस्पेन्शन नसलेला गो-कार्ट चालवतोय असं वाटतं म्हणून तो तक्रार करत होता. म्हणजे कर्बचा आजार जुना, बॅलन्सचा आजार नंतर वाढला. दोन्ही एकच समजून लोक गल्लत करतात.

मग खरा इशारा कोणता होता?

पेरेझ. मी हे पूर्ण जबाबदारीने म्हणतोय.

२०२३ च्या पहिल्या चार रेसपैकी दोन पेरेझने जिंकल्या, सौदी आणि बाकू. लोक टायटलच्या लढतीबद्दल बोलायला लागले होते. मग सीझन पुढे गेला, गाडीवर नवे भाग येत गेले, मॅक्स अजून वेगवान होत गेला आणि पेरेझ क्वालिफाइंगमध्ये मागे मागे. २०२४ मध्ये परत तेच चित्र, पहिल्या पाच रेसमध्ये चार पोडियम (पहिल्या तिनात नंबर) आणि त्यानंतर वर्षभरात एकही नाही. नव्या सीझनची कोरी गाडी मिळाली की हा माणूस चालतो आणि तिच्यावर अपग्रेड चढत गेले की हरवतो, हे एकदा झालं तर ड्रायव्हरचा दोष म्हणा, पण दोन वर्षं लागोपाठ त्याच क्रमाने झालं तर गाडीकडे बघायला नको?

त्यावेळी सोप्पं उत्तर तयार होतं, पेरेझ संपला. मॅक्स त्याच गाडीत जिंकतोय म्हणजे गाडी उत्तम आहे. रेड बुलचा नावाजलेला डिझायनर एड्रियन न्यूईनेही टीम सोडल्यानंतर साधारण हेच सांगितलं की २०२३ च्या शेवटी शेवटीच गाडी चालवायला अवघड होत चालली होती, मॅक्सला ते निभावता येत होतं, पेरेझला नाही. मला वाटतं रेड बुलची सगळ्यात महागडी गोष्ट ही झाली की त्यांच्याकडे इतका चांगला ड्रायव्हर होता की गाडीचे दोष त्याच्या हाताखाली दिसेनासे झाले.

म्हणजे मॅक्सला आवडते तशी गाडी बनवली म्हणून हे झालं?

असं सरळ म्हणणं चुकीचं आहे. कुठलीही टीम "याच्यासाठी अवघड गाडी बनवूया" म्हणून बसत नाही, टीम स्टॉपवॉचच्या मागे जाते. मॅक्सला पुढची बाजू तीक्ष्ण लागते हे खरं, मागचं टोक हललं तरी तो घाबरत नाही. त्यामुळे नवा भाग लावला की त्याच्या लॅपमध्ये फायदा दिसतो, भाग पास होतो, पुढचा भाग त्याच दिशेने. प्रत्येक पाऊल वेगळं बघितलं तर बरोबरच. पण प्रत्येक पावलाला गाडी चांगली चालण्याची पट्टी अरुंद होत जाते, आणि एक दिवस ती इतकी अरुंद होते की मॅक्सलासुद्धा त्यात बसता येत नाही. २०२४ च्या मध्यावर तो दिवस आला. मॅक्सने मागितलेली गाडी ती नव्हतीच, तो तर सगळ्यात मोठ्याने तक्रार करत होता.

न्यूई गेला म्हणून घसरण झाली, हे कितपत खरं?

तारखा जुळतात म्हणून हे पटकन पटतं. १ मे २०२४ ला तो जाणार हे जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात मायामीला मॅक्लारेन जिंकली. पण फॉर्म्युला वनमध्ये आज जाहीर झालं आणि उद्या गाडी हळू झाली असं होत नाही, मायामीच्या गाडीवरचं काम महिन्यांपूर्वीचं. आरबी२० चं रोजचं काम तसंही टेक्निकल डायरेक्टर पिएर वाशेच्या हाताखालच्या टीमकडे होतं.

तरी न्यूई जाण्याचा परिणाम शून्य असंही मी म्हणणार नाही. ग्राउंड इफेक्टवर (फ्लोअरखालच्या हवेने मिळणाऱ्या पकडीवर) त्याने कॉलेजच्या शेवटच्या वर्षाचा प्रबंध केला होता, २०२२ ला बाकीच्या टीम गाड्या उसळताना बघून डोकं धरून बसल्या होत्या तेव्हा रेड बुलची गाडी शांत होती ती उगाच नाही. असा माणूस गाडीचं रोजचं काम करत नसतो, पण आकडे आणि ट्रॅक यांच्यात फट पडायला लागली की "थांबा, हे बरोबर वाटत नाही" म्हणायला लागतो. ती नजर नेमकी गरजेच्या वेळी नव्हती. सप्टेंबरमध्ये त्याचं ॲस्टन मार्टिनला जाणं जाहीर झालं.

अजून कोण कोण गेलं?

रॉब मार्शल, अनेक वर्षं रेड बुलच्या डिझाइनमधला मोठा माणूस, २०२४ च्या सुरुवातीला मॅक्लारेनमध्ये रुजू झाला. स्पोर्टिंग डायरेक्टर जोनाथन व्हीटली पुढे ऑडीची होणाऱ्या टीमकडे, स्ट्रॅटेजीचा प्रमुख विल कोर्टनी मॅक्लारेनकडे, दोघांचंही जाणं २०२४ मध्येच जाहीर झालं. वर्षाच्या सुरुवातीला टीम प्रमुख ख्रिश्चन हॉर्नरविरुद्धच्या तक्रारीची चौकशी झाली, ती तक्रार फेब्रुवारीअखेर फेटाळली गेली, पण टीममध्ये गट पडल्याच्या बातम्या वर्षभर चालू राहिल्या. यातलं काही थेट लॅप टाइममध्ये मोजता येत नाही, म्हणून मी यावर जास्त भर देत नाही.

विंड टनेलचं काय प्रकरण आहे?

हे प्रकरण मात्र खरंच मोठं आहे आणि त्यावर बोललं कमी जातं.

फॉर्म्युला वनमध्ये टीमला हवा तितका वेळ विंड टनेल वापरता येत नाही. टेबलमध्ये पहिल्या नंबरवर असलेल्या टीमला ठरलेल्या वेळेच्या ७० टक्के, दुसरीला ७५, तिसरीला ८०, असं पाच-पाचने वाढत जातं. ३० जूनला त्यावेळचं टेबल बघून परत हिशोब होतो. कॉम्प्युटरवरच्या हवेच्या सिम्युलेशनलाही हीच शिडी लागू. त्यात रेड बुलने २०२१ मध्ये खर्चाची मर्यादा ओलांडली म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये त्यांना ७० लाख डॉलर दंड आणि वर्षभर या वेळेत आणखी १० टक्के कपात झाली. म्हणजे २०२३ मध्ये, जेव्हा २०२४ ची गाडी आकार घेत होती, बराच काळ त्यांच्याकडे ६३ टक्के होते. २०२२ ला पाचवी आलेल्या मॅक्लारेनने २०२३ सुरू केलं ते ९० टक्क्यांवर.

२०२३ मध्ये ते २१ रेस जिंकत होते म्हणून कपातीचा काही परिणाम झाला नाही असं सगळे म्हणाले. पण अशा कपातीचा परिणाम त्या वर्षीच्या गाडीवर कमी आणि पुढच्यावर जास्त दिसतो.

वर रेड बुलचा टनेलच जुना. बेडफर्डला आहे, दुसऱ्या महायुद्धानंतरच्या काळात बांधलेला, हॉर्नर स्वतःच त्याला शीतयुद्धाच्या काळातला अवशेष म्हणायचा. बाहेरच्या तापमानाचाही त्याच्यावर परिणाम होतो. टनेलमध्ये खरी गाडी नसते, जास्तीत जास्त ६० टक्के आकाराचं मॉडेल आणि सेकंदाला ५० मीटर वाऱ्याची मर्यादा, म्हणजे ताशी १८० किलोमीटर. तिथला आकडा खऱ्या गाडीच्या ताशी ३०० च्या वेगाला लावायचा तर टनेल शंभर टक्के विश्वासाचा हवा. गाडी दोन सेकंदांनी पुढे असते तेव्हा टनेलची छोटी चूक खपून जाते, पण सगळे दोन-तीन दशांशांत आले की तीच चूक तुम्हाला चुकीच्या रस्त्यावर नेते. मॅक्लारेनचा वोकिंगमधला नवा टनेल २०२३ मध्ये सुरू झाला, त्याआधी ते कोलोनला टोयोटाचा टनेल वापरायचे. रेड बुलने मिल्टन कीन्सला नवीन टनेल बांधायला घेतला, पण २०२४ च्या गाडीला त्याचा काहीच उपयोग नव्हता.

ब्रेकची काहीतरी युक्ती होती ती एफआयएने (नियम करणाऱ्या संस्थेने) बंद केली म्हणून हळू झाले, असं ऐकलं?

ऐकलं मीही. २०२४ च्या मध्यावर एफआयएने नियमात शब्द घातले की एकाच ॲक्सलच्या डाव्या-उजव्या चाकाला मुद्दाम वेगवेगळा ब्रेक देता येणार नाही, आणि मेलबर्नला मॅक्सच्या उजव्या मागच्या ब्रेकने पेट घेतला होता ते लोकांनी याला जोडलं. कुठलीही टीम असं काही वापरत होती याचा पुरावा नाही असं एफआयएनेच सांगितलं. मला ही गोष्ट पटत नाही, कारण आजार त्याआधीपासून दिसत होता.

आणि मॅक्लारेनची वाकणारी विंग?

बाकूला मॅक्लारेनच्या ऑस्कर पियास्त्रीच्या गाडीची मागची विंग सरळ रस्त्यावर थोडी उघडताना कॅमेऱ्यात दिसली, मग त्यांनी ती बदलली. आणि पुढच्याच रेसला सिंगापूरला नॉरिस जवळपास २१ सेकंदांनी जिंकला. विषय संपला.

याआधी अशा टीम घसरल्या नाहीत का? यात वेगळं काय?

घसरल्या आहेत, आणि फरक बघण्यासारखा आहे.

फेरारीने २००४ मध्ये १८ पैकी १५ रेस जिंकल्या. २००५ मध्ये एक, तीही इंडियानापोलिसला जिथे मिशलिन टायरवाल्या टीमनी सुरक्षेच्या कारणाने माघार घेतली आणि फक्त सहा गाड्या धावल्या. कारण स्पष्ट होतं, त्या वर्षी क्वालिफाइंग आणि रेस एकाच टायर सेटवर करायचा नियम आला आणि फेरारीचे ब्रिजस्टोन त्यात मागे पडले.

मर्सिडीजने २०१४ ते २०२१ सलग आठ टीम टायटल घेतली. २०२२ ला संपूर्ण नवे नियम आले, गाडी सरळ रस्त्यावर उसळायला लागली, वर्षभरात एकच विजय, ब्राझीलला जॉर्ज रसेलचा. २०२३ मध्ये शून्य.

दोन्हीकडे नियम बदलले होते. नवीन पेपर आला, आधीचा टॉपर चुकला, हे समजू शकतं. रेड बुलच्या बाबतीत पेपर तोच होता, २०२२ चाच, ज्यात त्यांनी सगळ्यांना शिकवलं होतं. म्हणूनच ही घसरण मला जास्त धक्कादायक वाटते आणि जास्त अभ्यासण्यासारखीही.

दुसरा ड्रायव्हर बदलल्यावर प्रश्न सुटला का?

नाही, आणि जे पेरेझला दोष देत होते त्यांनी हे आकडे नीट बघावेत. जून २०२४ मध्ये पेरेझचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं, डिसेंबरमध्ये त्याला सोडलं. लियाम लॉसन आला, दोन रेसनंतर काढला. युकी त्सुनोडा आला, उरलेलं पूर्ण वर्ष चालवलं. २०२५ मध्ये रेड बुलचे एकूण ४५१ पॉइंट, त्यातले मॅक्सचे ४२१. म्हणजे दुसऱ्या सीटने, दोन ड्रायव्हर मिळून, अख्ख्या वर्षात ३० पॉइंट दिले. पेरेझने सगळ्यात वाईट वर्षात १५२ दिले होते. तिघेही एकदम गाडी चालवायला विसरले असं कोण म्हणेल?

मग टीम सावरली की नाही?

मॅक्सची बाजू सावरली, आणि ज्या पद्धतीने सावरली त्यात बरीच उत्तरं आहेत. ९ जुलै २०२५ ला हॉर्नरला पदावरून दूर केलं आणि लॉरां मेकीस आला, जो मुळात इंजिनियर. झँडव्हूर्टनंतर मॅक्स पियास्त्रीच्या १०४ पॉइंट मागे होता, टायटलचं नावही कुणी घेत नव्हतं. माँझाला नवीन फ्लोअर आला, पण मॅक्सने नंतर जे सांगितलं ते जास्त महत्त्वाचं, की आधी आम्ही सेटअप कधी या टोकाला कधी त्या टोकाला नेत होतो, आणि मेकीस योग्य प्रश्न विचारतो. म्हणजे सिम्युलेशन काय म्हणतंय याबरोबर ड्रायव्हरला काय जाणवतंय हे पण ऐकायला लागले.

त्या माँझाला मॅक्सची पोल लॅप १:१८.७९२, सरासरी वेग ताशी २६४ किलोमीटरच्या वर, फॉर्म्युला वनच्या इतिहासातली सगळ्यात वेगवान लॅप. रेस १९ सेकंदांनी जिंकला. एक वर्षापूर्वी त्याच ट्रॅकवर क्वालिफाइंगमध्ये सातवा होता. मग बाकू, ऑस्टिन, व्हेगास, कतार, अबू धाबी. टायटल नॉरिसने घेतलं, ४२३ विरुद्ध ४२१, दोन पॉइंटांनी. टीम मात्र परत तिसरीच, कारण दुसरी गाडी.

मी नवीन आहे, हे सगळं डोळ्यांनी बघायचं तर कुठल्या रेस बघू?

बहारीन २०२४ पूर्ण बघू नका, शेवटच्या दहा लॅप पुरेत, गाडी किती शांत आहे ते बघा. मग झँडव्हूर्ट २०२४, तिथे मॅक्स सुरुवातीलाच पुढे जातो आणि तरी नॉरिस त्याला सहज गाठतो, ते ओव्हरटेक नक्की बघा. माँझा २०२४ चं क्वालिफाइंग मॅक्सच्या ऑनबोर्ड कॅमेऱ्यातून मिळालं तर तेच बघा आणि नजर स्टिअरिंगवर ठेवा, वळणात हात किती वेळा दुरुस्ती करतायत ते मोजा. शेवटी माँझा २०२५ ची पोल लॅप लावा आणि त्याच वळणांवर परत हात बघा.